म्हस्कूचं घोंगडं आणि आप्पांचं नाक

सुप्याच्या तात्याबांचा म्हस्कू किती रागीट, हे त्याची सायकलच सांगायची. समोरच्यानं वाट सोडली नाही की हा घंटीवर अंगठा ठेवायचं सोडून मूठ मारायचा. घंटी तुटली, मग ब्रेक वाकला. शेवटी त्या सायकलवर आवाज करणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे म्हस्कू.

आज्यानं जन्मभर मेंढरं वळली. बापानं ती विकून कोरडवाहू रानात ज्वारी-बाजरी धरली. आणि सत्त्याण्णव साली हा गडी बारामतीच्या तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. घरात मेंढरांची आठवण म्हणून चार मेंढ्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्याही भागूबाई आत्याच्या हट्टापायी. नवरा वारल्यावर आत्या माहेरी आली, ती येताना माग घेऊनच. स्वतः लोकर कातायची, स्वतः विणायची. तिच्या हातचं घोंगडं विरलं असं सांगणारा माणूस सुप्याच्या बाजारात अजून यायचा होता.

शेवटचं वर्ष म्हटल्यावर पुढं काय, हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर चुलत्यानं आधीच आणून ठेवलं होतं. साखर कारखान्यात त्याची ओळख होती. उसाच्या गाड्यांचं वजन होतं त्या काट्यावर पोराला हंगामी बसवून देतो, नुसता शब्द टाकायचा अवकाश, असं तो म्हणाला. घर खूश झालं. म्हस्कू मात्र बिथरला. वशिल्याच्या खुर्चीतला माणूस जन्मभर अर्धाच बसतो, अर्धा उठायच्या तयारीत असतो, हे त्यानं तालुक्यात हिंडून बघितलं होतं. तसं तो तोंडावर बोलला. चुलता चहा न पिता उठून गेला.

तात्याबा हातावर तंबाखू मळत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुझी तू मिळीव की मग. कोण नगं म्हणतंय? पर परीक्षा झाली आन हात रिकामा दिसला, तर गुमान काट्यावर बसायचं."

म्हस्कू व्हय म्हणाला. रागात दिलेला शब्द राग उतरल्यावर फार जड लागतो.

त्याच वर्षी कॉलेजानं एक नवं काढलं. एमआयडीसीत दुधाचे कॅन आणि टाक्या बनवणारी एक कंपनी होती. तिच्या खऱ्याखुऱ्या अडचणी पोरांना वाटून द्यायच्या. तिघातिघांनी मिळून एकेक अडचण सोडवायची आणि शेवटी कंपनीच्या माणसांपुढं उभं राहून काय केलं ते सांगायचं. ज्यांचं काम चालेल ते तिघं वर्षभर कंपनीत शिकाऊ म्हणून आत. ना चिठ्ठी, ना ओळख. म्हस्कूला वाटलं, हे आपल्यासाठीच निघालंय.

चिठ्ठ्या टाकून जोडीदार ठरले. माळेगावची रेश्मा, ऊसवाल्याची लेक. बोलायची कमी, पण बोललेलं मागं घ्यायची नाही. दुसरा ऋषिराज, तोही माळेगावचाच. दारात दोन ट्रॅक्टर आणि तोंडात कडबाकुट्टी. या तिघांच्या वाट्याला आलेली अडचण साधी होती. सुपे-मोरगाव भागातलं दूध कॅनमध्ये भरून टेम्पोनं बारामतीला येईतो उन्हाळ्यात नासायचं. त्यावर गावातल्या माणसाला जमेल असा स्वस्त उपाय हवा होता.

ऋषिराजनं थर्माकोल आणला. टेम्पोच्या एकाच खेपेत त्याचा चुरा झाला आणि मोरगावच्या रस्त्यानं पांढरी फुलं उधळत गेली. तेव्हा म्हस्कू म्हणाला, कॅनला घोंगडं गुंडाळू. ऋषिराज हसून लोळायचा बाकी राहिला. कॅनला थंडी वाजती का रं, असं त्यानं विचारलं. म्हस्कूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भर उन्हात माळावर मेंढरांमागं हिंडणारा माणूस डोक्यावर घोंगडं का घेतो, ते आधी सांग, असं तो गुरगुरला. भांडण पेटणार तेवढ्यात रेश्मा उठली. तिनं दोन कॅन पाण्यानं भरून आवारात उन्हात ठेवले, एक उघडा आणि एक भिजवलेल्या घोंगड्यात. दुपारी दोन्हींत हात घालून बघितला. मग ऋषिराजचाही हात धरून आत घातला. तो गप झाला. त्याच्या आयुष्यातली ती दुर्मिळ घटना.

आता कॅनांना घोंगड्याची जाकिटं करायची. म्हस्कू आत्याकडं गेला. आत्याला भाच्याचं शिक्षण कळत नव्हतं, पण भाचा आपल्या मागाशी आला हे पुरेसं होतं. तिनं मागावर चढवायच्या सुताला नेहमीप्रमाणं खळ लावली, म्हणजे चिंचोके भरडून, शिजवून केलेली लापशी. खळीनं घोंगडं ताठ राहतं, पाणी चटकन धरत नाही. नवरदेवाच्या घोंगड्याला जशी दाट लावतात तशी तिनं ही लावली, वर तयार कापडावरून एक हात आणखी फिरवला. जाकीट कॅनभोवती पत्र्यासारखं उभं राहिलं.

रेश्मानं त्यावर बोट फिरवून विचारलं होतं, की हे भिजवून वापरायचं तर वर हे कशाला लावलं? धुऊन टाकू या की. म्हस्कू ताडकन म्हणाला, "आमच्यात खळीबिगर घोंगडं घराभाईर जात न्हाय." रेश्मानं त्याच्याकडं बघितलं आणि विषय तिथंच ठेवला.

चाचणीचा दिवस उजाडला. सिंधुबाई सुप्यात गावाचं दूध गोळा करायच्या. त्यांनी कॅन भरून दिले, जाकिटं भिजवून चढवली आणि टेम्पो निघाला. उन्हातान्हात गावोगाव थांबत बारामतीच्या दूध केंद्रावर पोचला. तिथं कंपनीचे बापूसाहेब आधीच येऊन उभे होते. मूळचे इंदापूरकडचे, साहेब होऊनही चहा बशीत ओतून पिणारे. आणि फलाटावर होते आप्पा. आप्पांचं काम एकच, झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि घ्या किंवा न्या म्हणायचं. त्या नाकाला सगळा तालुका भ्यायचा.

आप्पांनी पहिलं झाकण उघडलं. नाक खाली गेलं, वर आलं. "आंबलंय. न्या."

दुसरा कॅन. "न्या."

सगळे कॅन परत. म्हस्कूच्या डोळ्यांपुढं साखर कारखान्याचा काटा हलायला लागला आणि त्याच्या जिभेवरचा लगाम सुटला. आप्पांचं नाक काढून बाभळीला टांगा इथपासून तो सुरू झाला आणि शहरातल्या लोकांनी खेड्यातल्या लोकांना कसं नागवलं इथपर्यंत गेला. गंमत अशी की आप्पा स्वतः जळगाव सुप्याचे, म्हणजे खेड्यातलेच. ऋषिराजनं त्याला मागून कवळ घालून ओढलं.

बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भांडायला कंपनीत माणसं भरपूर आहेत, आणखी एक नको. काय चुकलं ते शोधा. सोमवारी सगळ्यांसमोर सांगायचंय."

टेम्पो माघारी आला. सिंधुबाईंनी कॅन बघून कपाळाला हात लावला. नासकं तर नासकं, आटवून गोड काहीतरी करू म्हणून त्यांनी एका कॅनमधलं पातेलंभर दूध चुलीवर ठेवलं. ते फुटायची वाट बघत सगळे बसले. दूध फुटलं नाही. ते तापलं, फुगलं आणि शहाण्या दुधासारखं उतू गेलं.

सिंधुबाई पदरानं पातेलं उतरवत म्हणाल्या, "ह्यात काय बी खोट न्हाय लेका. च्या टाकू का?"

चहा झाला. चहा पीत असतानाच बाहेर खडखडाट झाला. रेश्मा बघायला गेली आणि तिनं दोघांना हाक मारली. गल्लीतली शेरडं टेम्पोवर चढली होती. दुधाकडं एकाचंही लक्ष नव्हतं. सगळी मिळून जाकिटं चाटत होती, डोळे मिटून, पंगतीला बसल्यासारखी. एकानं कोपरा खायलाही घेतला होता. रेश्मानं एक जाकीट ओढून नाकाशी नेलं आणि मग म्हस्कूच्या नाकाशी धरलं.

आंबट वास. भिजलेली खळ दिवसभर उन्हात राहून आंबली होती. दूध धडधाकट होतं, नासलं होतं ते त्याचं पांघरूण.

म्हस्कूला आधी आनंदच झाला. दूध चांगलं, म्हणजे आप्पा खोटे. आत्ताच्या आत्ता जाऊन दाखवतो म्हणून तो सायकलकडं धावला. रेश्मा आडवी झाली.

"कुणाला दाखवणार? आप्पांना वास आला तो खरा आला. नाक बरोबर हाय म्हस्कू, जाकीट चुकलं. आणि मी तुला विचारलं होतं."

एवढंच. कुणी कानाखाली मारली असती तर म्हस्कूला सोपं गेलं असतं, उलटी मारता आली असती. त्यानं जाकिटं गोळा करून सायकलला बांधली. घरी येऊन आत्याचा तांबडा रांजण ओढून ती त्यात बुडवली आणि रिठ्यानं धुवायला बसला. आत्या दारातून बघत होती. पोटच्या पोराला कुणी उघडं करावं तसं तिचं तोंड झालं.

खळ गेली आणि लोकर पाणी दुप्पट प्यायला लागली, हे चांगलंच झालं. पण जाकीट ढिलं पडून कॅनच्या पायाशी लोळायला लागलं. मग रेश्मानं त्याला वर-खाली नेफे शिवून नाड्या घातल्या. ऋषिराजनं माळेगावात ट्रॅक्टरच्या गॅरेजात बसून सळईच्या कड्या वाकवून आणल्या, त्या नेफ्यात बसवल्या. तयार झालेला प्रकार हुबेहूब परकर दिसत होता. ऋषिराजला राहवेना. आता कॅनला हळदी-कुंकवाला बोलवा म्हणाला. म्हस्कू चिडायला गेला आणि त्याला स्वतःलाच हसू फुटलं.

राहता राहिला अहवाल. ऋषिराजचं म्हणणं, पहिल्या चाचणीचा विषयच काढायचा नाही, नव्या जाकिटाचं तेवढं सांगू. शेरडांनी खाल्लेला प्रकल्प कोण घेईल? व्यवहाराच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं. रेश्मा म्हणाली, खळीचा हट्ट म्हस्कूचा होता, म्हणून त्यानंच ठरवावं. म्हस्कू म्हणाला, "सांगू. लपवून मिळालं तर त्यात आन चुलत्याच्या चिठ्ठीत फरक काय ऱ्हायला?"

सोमवारी कंपनीच्या हॉलमध्ये एकेक गट उभा राहिला. पाठ केलेलं इंग्रजी खडखडत होतं. बापूसाहेब प्रत्येकाला शेवटी एकच विचारत होते, की काय बिघडलं? प्रत्येक गट सांगत होता, काहीच नाही साहेब. बापूसाहेब मान डोलावत होते आणि बशीतला चहा पीत होते.

म्हस्कूची पाळी आली. त्यानं मराठीतच सुरुवात केली. खळ सांगितली, आपला हट्ट सांगितला, आप्पांना काय काय बोललो तेही सांगितलं. शेरडांपाशी आला तसा हॉल हसायला लागला. म्हस्कूची मूठ आवळली. घंटी फोडणारी तीच मूठ. पण समोर घंटी नव्हती आणि शेजारी रेश्मा उभी होती. त्यानं मूठ सोडली, हसणं ओसरू दिलं आणि म्हणाला, "हसा साहेब. आमी पण हसलो. पर शेरडांनी जाकिटं चाटली नसती, तर आमाला कळलंच नसतं." मग कड्यांचं ऋषिराजनं सांगितलं आणि नाड्यांचं रेश्मानं. कोण कुठं थांबणार आणि कोण कुठं उचलणार, हे त्यांचं त्यांनाच कधीतरी जमून गेलं होतं.

बापूसाहेबांनी बशी खाली ठेवली. परवा पुन्हा टेम्पो न्या म्हणाले. आप्पांनी घ्या म्हटलं तर तुम्ही आत, न्या म्हटलं तर आपण पुढच्या वर्षी भेटू.

दुसऱ्या खेपेला ऊन आणखी कडक होतं. टेम्पो फलाटाला लागला तसा म्हस्कू सगळ्यांच्या आधी उतरला आणि थेट आप्पांपुढं जाऊन उभा राहिला. फलाटावरची माणसं सरसावली, आता जुंपणार म्हणून.

"आप्पा, त्या दिशी नाक तुमचं खरं हुतं. मी चुकीचं बोललो."

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.  पहिलं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि तिथंच ठेवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. ऋषिराजनं डोळे मिटले. रेश्मा नाडीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधत होती. आप्पांनी दुसरं झाकण उघडलं, तिसरं उघडलं. मग वाकून परकराचाही वास घेतला.

"घ्या," आप्पा म्हणाले. "दूध ग्वाड हाय. पर ह्याला मेंढराचा वास मारतोय."

"ऱ्हाऊ द्या आप्पा," म्हस्कू म्हणाला. "त्यो घरचाच हाय."

तिघंही कंपनीत लागले. पुढच्या उन्हाळ्यात इंदापूरच्या वाटेवर कॅन परकर नेसून फिरायला लागले. चुलत्यानं गावात सांगून टाकलं, की पोराला कंपनीत मीच चिकटवलं. म्हस्कूला ते कळलं, पण तो गेला नाही भांडायला. फक्त सायकलला नवी घंटी बसवली. ती अजून शाबूत आहे.

आत्या मात्र त्या जाकिटाला घोंगडं म्हणत नाही. खळ काढली तवाच त्याचा जीव गेला, असं तिचं ठाम मत आहे आणि कंपनीतलं कुणी तिच्यापुढं जाऊन ते खोडायला तयार नाही. म्हस्कू तर नाहीच.