वाण आधी, प्रश्न मग

माझी नात मानसशास्त्रात एम.ए. करते. कॉलेजच्या कामासाठी तिने एक प्रश्नावली आणली होती. विषय काय, तर आपल्या मनासारखं व्हावं म्हणून माणूस दुसऱ्याला कसा फिरवतो, कधी गोड बोलून, कधी रुसून, कधी घाबरवून, ते मोजायचं. मी म्हटलं, अगं, हे मोजायला कशाला लागतं, चार दिवस सोबत राहिलं की कळतंच. तर म्हणाली, "आजी, सोबत राहणाऱ्यांनाच कळत नाही."

तिला माझ्या वयाच्या बायका हव्या होत्या. प्रत्येकीला कागद द्यायचा, तिने तो घरी एकटीने भरायचा, नाव लिहायचं नाही, पाकिटात घालून चिकटवून परत द्यायचा. एवढं तिने मला नीट समजावून सांगितलं होतं. मला ऐकू कमी येतं असंही नाही. पण मला वाटलं, ही पोरगी पुस्तकातलं बोलते. आमच्या कोलार रोडच्या कॉलनीत पाकिटं वाटली तर ती फ्रिजवर पडून राहतील आणि होळीच्या सफाईत रद्दीत जातील. मला बायका माहीत आहेत. मी म्हटलं, तू कॉलेजात जा, संध्याकाळी सगळे कागद भरलेले घे माझ्याकडून.

आणि मी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं.

त्यात माझी युक्ती अशी, की वाण आधी द्यायचं. स्टीलचे छान झाकणाचे डबे आणले होते. वाण ओटीत पडलं, तिळगूळ तोंडात गेला, मटारची कचोरी पुढ्यात आली, की कोणती बाई म्हणेल, मला वेळ नाही? समोरच्या घरातल्या ताई दरवर्षी यायला संकोच करायच्या, यजमान गेल्यापासून. यंदाही नको म्हणत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर मी कुणालाच वाण देणार नाही, बसू देत सगळ्या तशाच. आल्या बिचाऱ्या. त्यांची सून तर सकाळपासून माझ्याच स्वयंपाकघरात होती, मदतीला.

कागद वाटले तेव्हा लक्षात आलं, निम्म्या जणींनी चष्मे आणले नव्हते, आणि बाकीच्यांची बोटं कचोरीने तेलकट. मग मी म्हटलं, चला, मीच मोठ्याने वाचते. एक म्हणजे बिलकुल नाही, पाच म्हणजे अगदी माझंच. तेवढी बोटं वर करा, मी लिहून घेते. आमच्या भजनी मंडळात पैसे, प्रसाद, सहल, सगळं असंच हात वर करून ठरतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दुसरंच वाक्य होतं, "कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर मी आधी त्याला खूश करते." मी ते खणखणीत आवाजात वाचलं आणि स्वतःपुढे एक लिहिला. खरंच सांगते, त्या क्षणी मला कुठे काही टोचलं नाही.

सगळ्यांचं एकच बोट वर. इंदूरची एक आहे आमच्यात, ती प्रत्येक वाक्याला म्हणायची, हे तर आमच्या जाऊबाईंचं वर्णन, त्यांच्याकडे पाठवा हा कागद. हशा चालू होता. ताई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांचा स्वभावच तसा. कुणी साधं "कशा आहात" विचारलं तरी त्या थांबून विचार करतात आणि मग उत्तर देतात.

मग मी वाचलं, "मला हवं ते व्हावं म्हणून मी बरं नसल्याचं सांगितलं आहे."

ताईंनी पाचही बोटं वर केली.

इंदूरवाली म्हणाली, "हे काय ताई, तुम्ही? कधी हो?" तिने थट्टेत विचारलं होतं. ताईंनी तसं घेतलं नाही.

"मुलाला पुण्याची बदली मिळत होती तेव्हा," त्या म्हणाल्या. "छातीत दुखतं म्हटलं मी. दुखत नव्हतं. मला इथून जायचं नव्हतं."

त्यांची सून गुलाबदाणी घेऊन दारात उभी होती. ती पुण्याची. त्याच वर्षी तिची आई तिथे शेवटच्या आजारात होती, आणि सासूच्या तब्येतीपायी हिला एकदाच जाता आलं, तेही सगळं आटोपल्यावर. हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक. तिने गुलाबदाणी टेबलावर ठेवली, सासूचा डबा उचलला आणि म्हणाली, "आई, चला, घरी जाऊ." आवाज अगदी रोजचा.

संध्याकाळी नात आली. मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की हे कागद आता कामाचे नाहीत, पुन्हा गोळा करीन. मग जरा वेळाने, "पाकीट कशासाठी असतं ते मीच तुला नीट सांगायला हवं होतं." चूक माझी आणि उचलली तिने.

त्यानंतर समोरचं घर शांत झालं. भांडण नाही काही. सून वेळेवर जेवण द्यायची, गोळ्या काढून ठेवायची. पण ताई बाल्कनीत एकट्याच बसलेल्या दिसायच्या, आणि आधी दोघी मिळून तिथे भाजी निवडायच्या. मला जेवण जाईना. वाटलं, मीच उसवलं, मीच शिवते. आठवड्याने सुनेला भाजीवाल्याच्या गाडीपाशी गाठलं आणि सांगितलं, की अगं, सासूबाईंचा गोंधळ झाला होता. प्रश्न त्यांना समजलाच नाही. त्या वेळी त्यांना खरंच दुखत होतं, मी स्वतः त्यांची पाठ चोळून दिली होती.

त्यांची पाठ मी कधीच चोळली नव्हती.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका सैल झाला, की काय सांगू. तिला ते खरं हवं होतं. "हो ना काकू?" म्हणाली. मी म्हटलं, हो तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्या दारात. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"वहिनी, काल सूनबाई माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, आई, मी उगीच तुमच्यावर अबोला धरला. माफी मागत होती माझी. मी तिला पुन्हा सांगितलं. दुखत नव्हतं म्हणून."

मी म्हटलं, ताई, कशाला हो? मिटत होतं ना सगळं.

"मी खोटं बोलले ते मी निस्तरीन," त्या म्हणाल्या. "माझं एवढं एक खरं होतं, त्याला तुम्ही का हात लावलात?"

आणि गेल्या. मी दार लावायचंसुद्धा विसरले.

एकच घाव त्या मुलीला दोनदा बसला, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे. पहिल्यांदा मी म्हणू शकते, नकळत झालं. दुसऱ्यांदा नाही म्हणू शकत. भाजीवाल्यापाशी मला पक्कं माहीत होतं मी काय करते आहे. आणि त्यातही सगळं तिच्यासाठी नव्हतं. मला माझं जेवण गोड लागायला हवं होतं.

आता त्या दोघींचं काय चाललंय, मला कळत नाही, आणि विचारायचा हक्क मी गमावला आहे. मुलगा पुन्हा पुण्यासाठी अर्ज करणार, असं खालच्या मजल्यावर ऐकलं. ताई जाणार की नाही, ते कुणालाच माहीत नाही.

मागच्या आठवड्यात सून जिन्यात भेटली. हातात दुधाच्या पिशव्या होत्या. मी म्हटलं, बेटा, मला तुला एक सांगायचंय. माफीच मागायची होती, दुसरं काही नाही.

"नको, काकू," ती म्हणाली. रागाने नाही, दमल्यासारखी. "तुम्ही बोलायला लागलात ना, की मला वाटतं, हे आता कशासाठी?"

मी कठड्याकडे सरकले. तिला जायला वाट दिली.