अक्का फिल्टर निवडायच्या

परभणीत मला आसरा दिला तो अक्कांनी. हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना रडू आलं आणि एवढंच राहून गेलं, तर माझं मन मला खात राहील. अक्का म्हणजे गंगाखेड रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या अप्पांची बायको. मागं अप्पा जीप, पिकअप दुरुस्त करायचे. पुढं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि त्या दुकानात काउंटरच्या मागं नाही, तर पुढं, खाली पोत्यावर मांडी घालून अक्का बसलेल्या असायच्या.

माझं गाव लांब, सातपुड्याच्या पायथ्याला. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागं इथल्या कापसाच्या जिनिंगवर आले. एके दिवशी तो "आलोच" म्हणून गेला. मी गॅरेजसमोरच्या लिंबाखाली पिशवी घेऊन बसून राहिले. दुपार कलली तशा अक्का रस्ता ओलांडून आल्या. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूतीची बोटं, हातात पाण्याचा तांब्या.

"कुणाची वाट बघायलीस?"

"नवऱ्याची."

"त्याला ठाव हाय का, तू वाट बघायलीस ते?"

अक्कांनी तांब्या पुढं केला. "पी. आन् चल आत. वाट बघायचीच हाय तर सावलीत बसून बघ. माझ्यासंगं जरा निवडू लाग."

मला वाटलं, तूरडाळ असेल. आत गेले तर परातीवर धोतराचा पांढराशुभ्र तुकडा अंथरलेला, आणि शेजारी ऑइल फिल्टरची खोकी. ऑइल फिल्टर म्हणजे इंजिनाचं तेल गाळणारा लोखंडी डबा. गाड्यांची मला काहीच माहिती नव्हती. पण नव्या कोऱ्या डब्याला धान्यासारखं निवडणारी बाई कुणीच पाहिली नसेल.

त्या एक डबा काढायच्या. मधल्या भोकातून आत बॅटरीचा उजेड टाकायच्या, डोळा बारीक करून बघायच्या. मग डबा पालथा करून बुडावर हलकेच थापट्या मारायच्या, ढेकर काढायला लेकराच्या पाठीवर मारतात तशा. शेवटी आट्यांवरून बोट फिरवायच्या, रबराच्या कडेवरून फिरवायच्या आणि धोतराकडं बघायच्या. कारखान्यात आटे पाडताना राहिलेला लोखंडाचा कीस, पुठ्ठ्याचा तुकडा, वाळलेल्या गोंदाचा गोळा, असलं काही पडलं तर तो डबा एजंटाला परत जायचा. बहुतेक वेळा काहीच पडायचं नाही. तरी एकही डबा निवडल्याशिवाय अप्पांच्या हातात जात नसे.

एजंट कुरकुर करायचा. "अक्का, सीलबंद माल हाय. कंपनीचा."

"कंपनीतून आला म्हंजे काय गंगेत न्हाऊन आला का?"

पालमचा एक जीपवाला तर दर खेपेला छेडायचा. त्याला शिटा, म्हणजे प्रवासी, भरायची घाई, आणि अक्कांच्या थापट्या चाललेल्या. "अक्का, फिल्टर बघायलाव का बाळाला न्हाऊ घालायलाव?"

"बाळालाच. तुझ्या बाळाच्या पोटात खडा गेला तर बोंबलत माझ्याच दारात येशील."

"आजवर निघालं का काई माझ्यात?"

"न्हाई निघालं म्हणून हसायलास. निघालं असतं तर पालमला चालत गेला असतास, सगळ्या शिटा पाठीवर घिऊन."

ही सवय कशी लागली, याच्या दोन गोष्टी होत्या. अप्पा सांगायचे, लग्नानंतर घेतलेली त्यांची पहिली जीप नव्या फिल्टरातल्या किसानं इंजिन जाम होऊन बसली. अक्का म्हणायच्या, "त्यांचं काय ऐकतीस. मी तूर निवडत बसले हुते, हे डबे घिऊन आले. म्हणलं, द्या इकडं, ह्येबी निवडते." खरी कोणती ते मी विचारलं नाही. दोन्ही सांगताना दोघं एकमेकांकडं बघून हसायचे, आणि मला तेवढं पुरायचं.

नवरा आला नाही. मी दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. झाडलोट केली, काउंटरवर उभी राहायला शिकले. मला सगळ्याची भीती वाटायची. फोन वाजला तरी छातीत धडधडायचं. अक्का म्हणायच्या, "भिती हाय ना तुझ्याजवळ? मग लय चांगलं. बिनघोर माणसाच्या हाती मी डबा दिला नसता."

अक्कांना शुगर होती. बोटांत मुंग्या येतात, असं त्या दसऱ्यापासून म्हणत होत्या. बोटं चोळायच्या, फुंकर घालायच्या आणि परत डबा उचलायच्या. नजरही मंदावली होती. मला ते दिसत होतं, पण हातातली बशी निसटली तर त्याच आधी हसायच्या, मग मीही हसायचे.

एका दुपारी त्या परातीपाशी बसल्या होत्या. मी काउंटर पुसत होते.

"संगे, ह्या डब्यात गंज हाय बघ," अक्का मला म्हणाल्या. "कसा लाल डाग पडला. ठिव बाजूला, परत दिऊ."

मी वाकून बघितलं. धोतरावरचा डाग ओला होता आणि वाढत होता. अक्कांच्या बोटात लोखंडाचा कीस रुतला होता. आट्यांवरून बोट फिरवताना शिरला असणार. रक्त ठिबकत होतं, आणि त्या बोट तसंच पुढं फिरवत होत्या.

"अक्का," मी म्हटलं. हातातलं फडकं टाकलं. "अक्का, गंज न्हाई. तुमच्या बोटाचं हाय."

त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं. मी त्यांचा हात मांडीवर घेऊन कीस उपसून काढला. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"काढलास?"

"काढला."

"मला कळलंबी न्हाई गं."

अप्पा खड्ड्यातून, गाडीखालून ओरडत होते, "फिल्टर आण की!" अक्कांनी डबा पालथा ठेवला. "डबा तरी एजंटाला परत देता येतो," एवढंच हळू बोलल्या आणि पदरात हात गुंडाळून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अप्पांना सांगितलं, दसऱ्यापासून आपण निवडून दिलेले सगळे फिल्टर ज्या गाड्यांत बसलेत, त्या गाड्या परत बोलवा.

"अगं, लोक हासतील. गाड्या नीट पळायल्यात."

"पळू द्या. माझं बोट मेलेलं हुतं आन् मी त्याच्यावर भरवसा ठिवून डबे दिलेत. त्यात माणसं बसायलीत. लेकरं बसायलीत."

अप्पांनी फोन लावले. झरीहून पिकअप आली, पिंगळीहून एक जुनी कार आली. पालमचा जीपवालाही आला. "अक्का, गाडी मक्खन पळायलीय. कशाला उघडायलाव?" असं म्हणाला खरा, पण अक्कांचा चेहरा बघून त्यानं स्वतःच बॉनेट उघडलं. अप्पांनी एकेक फिल्टर काढून आतलं तेल ताटलीत ओतलं, त्यातून चुंबक फिरवला. नवे डबे मी निवडले, एकेक दोनदा. जुन्यांत एकातही काही सापडलं नाही.

शेवटची गाडी गेल्यावर अप्पा आनंदानं म्हणाले, "बघ! सगळे साफ. तुझा हात शाबूत हाय."

"ते नशीब हाय," अक्का म्हणाल्या. "हात न्हाई."

त्या पुन्हा परातीपाशी बसल्या नाहीत. दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायच्या. मी डबा घेऊन जायचे. "अक्का, एवढा बघा ना. मला कळंना." त्या मान वळवायच्या नाहीत. "मी बघून काय उपेग? तू म्हणशील ते खरं." सातवीत शाळा सुटलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला 'तू म्हणशील ते खरं' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण ते ऐकताना मला आनंद झाला नाही. मला अक्कांची जागा अशी नको होती.

मग पाय गेला. चपलेत खडा घेऊन अक्का एक दिवस न कळताच चालत राहिल्या होत्या. जखम झाली, चिघळली, आणि शेवटी डॉक्टरांनी पाऊल काढलं. दोघं राहायचे त्या दुकानावरच्या खोलीला उभा जिना. रोजची मलमपट्टी, तीही अप्पांना झेपेना. पुण्याहून लेक आली आणि अक्कांना घेऊन गेली. गाडीत बसवताना अप्पा चाकापाशीच उभे होते. टायरमधली हवा तपासत राहिले.

मागच्या महिन्यात मी पुण्याला जाऊन आले. लेक चांगली आहे, जीव लावते. पण ती नोकरीला गेली की अक्का दिवसभर बंद दाराआड एकट्या. खिडकीतून समोरची भिंत दिसते. ब्लाउजचा हूक लावता येत नाही, भाकरीचा तुकडा हातातून गळतो. मी शेजारी बसले, त्यांचा हात माझ्या हातात घेतला. गप्पा चालल्या होत्या. अप्पा जेवतात का, पालमचा तो बोंबल्या येतो का. मध्येच थांबून त्यांनी खाली बघितलं.

"हात धरलास व्हय माझा?"

"मघापासून धरलाय, अक्का."

"मग सांगावं की गं. मला वाटलं, नुसतीच बसलीस."

निघताना त्या म्हणाल्या, "संगे, मला परभणीला ने. हितं कुणी भांडायलाबी न्हाई." मी "हो" म्हणू शकले नाही. जिना डोळ्यांपुढं आला, माझी पत्र्याची खोली डोळ्यांपुढं आली. मी नुसती मान हलवली, आणि त्यांना ती दिसली की नाही, कुणास ठाऊक.

म्हणून इथं सांगते. अक्का, मी खोली शोधायलेय. जिना नसलेली, बसक्या उंबऱ्याची, खाटेवरून रस्ता दिसंल अशी. अप्पांशी बोलले आहे. मलमपट्टी करायला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून शिकायलेय. वेळ लागंल. मी भित्री आहे, तुम्हाला माहीतच आहे. पण तुम्हाला न्यायला मी येणार, आणि परभणीपर्यंतच्या सगळ्या वाटेवर, हात धरलाय म्हणून तुम्हाला सांगत राहणार.