जड लागणारा ब्रेक

त्या दिवशी बाबा रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडून परत आले, फाटकासमोर गाडी लावली, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून मी गाडी चालवत नाही."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहून? काय झालं?"

"सिग्नलले ब्रेक दाबला तं गाडी थांबेचना. सारा जोर लावला तेव्हा थांबली. पायात दम नाही राह्यला आता."

"आन् मले बाजारात कोण नेईन?"

"ऑटो हाय ना. ऑटोवाल्याचे पाय चांगले राह्यते."

आई हसली, बाबाही हसले, आणि तो विषय तिथेच संपला. साखरेमुळे पायांच्या नसा कमजोर होतात असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ब्रेक जड लागला तेव्हा त्याचं कारण शोधावं असं कोणालाच वाटलं नाही. कारण घरात आधीपासून तयार होतं. मी त्या काळात पायांच्या नसांविषयी पुष्कळ वाचत असे.

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ जिथे थंड होऊन पाणी होते, तिथली हवा सतत खेचून घ्यावी लागते. त्या पोकळीला तिथली माणसं व्हॅक्यूमच म्हणत. काट्यावर ती जरा घसरली की सगळ्यांची धावपळ. आम्ही कॉलनीत राहायचो तेव्हा बाबा पाळीवरून आले की चपला काढता काढता सांगत, "आज व्हॅक्यूम बरं होतं," आणि आई निश्चिंत होऊन ताट वाढायला घेई. वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकणं आणि व्हॅक्यूमची चौकशी करणं, ही आमच्या घरातली रोजची कामं होती.

निवृत्तीनंतर आम्ही शहरात आलो, तरी ते रविवारी गाडी काढून कोराडीला जात. जुन्या क्वार्टरांवरून एक चक्कर, दोघातिघा मित्रांबरोबर चहा, आणि परत. गाडी सोडल्यावर हेही थांबलं. मी एकदा म्हटलं, टॅक्सी करू, मी पण येते. तर म्हणाले, "लोकाच्या गाडीत बसून जाऊ तिकडे? पाहुणा हाय का मी?" मग रविवारी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. पेपर वाचून झाला तरी हातातच असे. समोर खोळ घातलेली गाडी उभी असे. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

गाडी विकावी असं नातेवाईक म्हणत होते. मला ती विकवेना. आजवर मी फक्त स्कूटी चालवली होती. क्लास लावून मी गाडी शिकले, नवी बॅटरी बसवून घेतली आणि एके दिवशी खोळ काढून बाबांच्या जागी बसले. माझे पाय पोचत नव्हते, म्हणून सीट पुढे ओढावी लागली. ती ओढायला मला बराच वेळ लागला. ब्रेक फार जड होता. क्लासच्या गाडीचा असा नव्हता. जुन्या गाडीचा असाच असेल असं मी धरून चालले.

बाबांच्या पाळीवरचे एक काका सक्करदऱ्याला राहतात. ते आईला भेटायला आले तेव्हा मी त्यांना शेजारी बसवून गल्लीत एक फेरी मारायला गाडी काढली. वळणावर मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"थांब पोरी. इंजिन बंद कर," काका म्हणाले. "आता ब्रेक दाब. सोड. अजून दाब. कडक झाला?"

"झाला."

"पाय तसाच ठेव आन् गाडी चालू कर. पाय खाली गेला?"

"नाही."

"थोडा जायला पाह्यजे." त्यांनी खाली उतरून बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. "हे ऐक."

चालू इंजिनाच्या आवाजात एक बारीक सूं सूं ऐकू येत होतं. ब्रेकच्या मागे एक काळा गोल डबा असतो. इंजिन एका रबरी नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घेतं आणि त्या पोकळीमुळे ब्रेक हलका होतो. नळी फाटली तर सगळा भार पायावर येतो. आमची नळी वाकणाजवळ चिरली होती.

"व्हॅक्यूम पडलं हाय," काका हसायला लागले. "जिंदगीभर व्हॅक्यूम सांभाळलं या माणसानं, आन् घरच्याच गाडीचं..." मग ते थांबले. "त्यानं गाडी काहून सोडली होती वं?"

मी सांगितलं.

नळीच्या चिरेवर त्यांनी अंगठा दाबून धरला. सूं सूं बंद झालं. "आता बस आन् दाब," ते म्हणाले. मी दाबला. पायाखाली ब्रेक सहज खाली गेला. मी तो कितीतरी वेळा दाबून पाहिला. काका तिथेच वाकून उभे होते. अंगठा काढा असं मला सांगवेना.

गॅरेजमध्ये नवी नळी बसवली. काम लवकर झालं.

आईला सांगावं की नाही ते मला कळत नव्हतं. शेवटी संध्याकाळी तांदूळ निवडताना सांगितलं.

"म्हणजे पाय बरे होते त्याईचे?" ती म्हणाली.

"अगदी बरे नव्हते. पण गाडी चालवता आली असती."

तिने ताट थोडं पुढे सरकवलं, दोन खडे वेचून बाजूला टाकले. "त्याईले सांगाले पाह्यजे होतं कोणी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कोणावर राग नव्हता. मलाही तेच वाटत होतं. दोष तुमच्या पायांचा नाही, नळीचा आहे, असं कळलं असतं तर ते आधी स्वतःवरच हसले असते. मग अंगठा लावून, काढून, पुन्हा लावून त्यांनी तो दोष मला नीट दाखवला असता. आणि रविवारी कोराडीला जाऊन मित्रांना सांगितला असता.

आता गाडी मी चालवते. ब्रेक हलका लागतो. ज्यांना हे सांगायचं होतं ते नाहीत.