मामांची नंदाखालची ट्राम

मुंबईतली ट्राम बंद झाली, हे अख्ख्या जगात फक्त माझ्या बायकोच्या मामांनी अजून मान्य केलेलं नाही. त्यांच्या नंदाखाल गावातल्या वाडीत, नारळी-केळींच्या मधोमध, एकेकाळी विजेवर धावणारी एक जुनी ट्राम उभी आहे. ती पूर्वी गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या आवारात पडलेली असे. कामगार तिच्यात जेवायला बसत. मामा तिथे पंपाची मोटार दुरुस्त करायला गेले आणि मोटार तशीच टाकून ट्रामखाली शिरले. मालक म्हणाला, "काका, भंगार आहे ते. पाहिजे तर घेऊन जा." मामांनी ती ट्रेलरवर चढवून आणली. फाटकातून शिरेना, म्हणून फाटक पाडलं. मामी एवढंच म्हणाल्या, "घराचं दार तेवढं राहू दे."

पुढची अकरा वर्षं मामा गंज खरवडत होते. लाकूड घासलं, ड्रायव्हरचा पितळी दांडा ओतून घेतला, पायाने वाजवायची घंटा बसवली. पाहुणा आला की त्याला आधी ट्राममध्ये बसवून मामा तिचा इतिहास सुरू करत, तोही घोड्यांच्या ट्रामपासून. मामी आतून ओरडत, "घोडे सोडा आता, पानं वाढलीत!" घंटा झाल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम होता. माझे सासरे एकदा तसेच उतरले, तर मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

हा खटाटोप कशासाठी, ते मला गेल्या वर्षी कळलं. मामांचे वडील ट्राम चालवत. परळच्या घरून त्यांना जेवणाचा डबा पोचवायला मामांची थोरली बहीण, अक्का, ट्रामने जाई. आता अक्कांना काही आठवत नाही. मामांनाही त्या ओळखत नाहीत. ट्रामला शेवटचा रंग लागला, तेव्हा मामांनी त्यांना तुळिंजहून आणलं आणि हाताला धरून वर चढवलं.

अक्का खिडकीशी बसल्या. बाकावरून हात फिरवला. मग पुढे दांड्यापाशी उभ्या असलेल्या मामांना म्हणाल्या, "ड्रायव्हर, परळ आलं की सांगा हं. भाऊ लहान आहे माझा, घरी वाट बघत असेल."

मामांनी मागे वळून पाहिलं नाही. "सांगतो, बाई," म्हणाले.

अक्का बराच वेळ बाहेरच्या केळींकडे समाधानाने बघत राहिल्या. मग मामांनी "परळ!" अशी हाक दिली आणि त्यांना जपून उतरवलं.

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "मामा, वाईट वाटलं?"

"ओळखत नाही हो जावईबापू ती मला," मामा म्हणाले. "पण विसरलेली नाही."