गोदाची सत्ती-अठ्ठी

लांज्याच्या काजू कारखान्यात वीस वर्षं बिया फोडून गोदाचे हात चिकाने काळे पडले, पण हिंमत काही करपली नाही. नवरा शिवा मुंबईला, वर्षातून दोनदा घरी. जिथे गवतसुद्धा नाखुशीने उगवतं त्या कातळावर तिने एकटीने सुरुंगवाला बोलावून खड्डे पाडून घेतले आणि काजूची साठ कलमं लावली. गाव हसलं. वीस मेली, चाळीस जगली, आणि हसणारेच पुढे सल्ला विचारायला आले.

यंदा मे महिन्यात पुतण्या रूपेशने मुंबईहून पोकर आणला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची सामाईक पाच, आणि पैशांऐवजी काजूच्या बिया. दुपारची जेवणं झाली की त्याच्या बापाच्या, म्हणजे गोदाचा दीर भिकाजी याच्या पडवीत डाव बसायचा. फक्त पुरुषांचा. गोदाने आठ दिवस खांबाला टेकून बघितलं. नवव्या दिवशी म्हणाली, "भावोजी, मी पन बसतंय."

"बायकांनी पत्ते कुटायचे म्हंजे झालाच कल्याण!" भिकाजी उखडला. रूपेशने फारच गळ घातली तेव्हा त्याने अट टाकली. पन्नास बिया घे, चहा येईपर्यंत तेवढ्या तरी राख. नाहीतर पुन्हा ह्या पडवीत पानांना हात लावायचा नाही.

गोदा पदर खोचून बसली. एक्का-राजाची वाट बघत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. चव्वी-पंजी आली तरी ती बिया वाढवायची. एकदा मधे तिर्री, छक्की, सत्ती उतरली, तिची पाच पानांची रांग लागली आणि रूपेशचे दोन एक्के मातीत गेले. पण असली पानं दहादा हुलकावणी देतात तेव्हा एकदा लागतात. बिया गळत गळत अडतीसवर आल्या. आतून भिकाजीची बायको येसूबाई ओरडली, "चाय उकाळली हां!"

शेवटचा हात. गोदाकडे बदामाची सत्ती-अठ्ठी. मधे दोन बदाम पडले होते. आणखी एक आलं की पाच बदाम जुळणार. शेवटचं पान उघडलं, ते किलवर. बाकीच्यांनी पानं टाकली होती, समोर एकटा भिकाजी. हरली तर उद्यापासून पुन्हा तो खांब. तिने उरलेल्या सगळ्या बिया पुढे ढकलल्या.

भिकाजीने आपले दोन राजे पाहिले, मधली बारीकसारीक पानं पाहिली आणि त्याला पोराचे एक्के आठवले. "हिच्याकडं असनार काय तरी," असं पुटपुटत त्याने राजे पालथे टाकून डाव सोडला.

येसूबाई चहा घेऊन आली तेव्हा गोदापुढे पन्नासाहून जास्त बिया होत्या. पानं न दाखवता गठ्ठ्यात सारली असती तरी कोणी विचारलं नसतं. तिने ती उलटून भिकाजीच्या कपाशेजारी ठेवली. कशाला काही जुळलेलं नव्हतं.

"अगो, फशिवलंस की! मंग दाखवलीस कशाला?" भिकाजी म्हणाला.

"उद्या माज्याकडं खरीच पानं असतील, तवा तुमी घाबरून सोडू नये म्हनून," गोदा म्हणाली, आणि सरकून तिने येसूबाईला आपल्या शेजारी बसवून घेतलं.