वर्ग तीनचा दगड

मान हे माणसाचं शेवटचं धन आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण हे धन माझ्या बायकोच्या मामांइतकं जिवापाड सांभाळणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांनी ते मुख्यतः मंगल कार्यालयांत सांभाळलं. जुळे सोलापुरात असं एकही कार्यालय नाही, जिथे मामा एकदा तरी रुसून चपला पायात सरकवून दारापर्यंत गेलेले नाहीत. पत्रिकेत नाव पुतण्याच्या खाली छापलं, फेटेवाल्याने आधी नवऱ्याच्या मित्राला फेटा बांधला, पंगतीत मठ्ठा उजवीकडून न येता डावीकडून आला, यांतलं कुठलंही कारण त्यांना पुरे. अक्कलकोटच्या एका साखरपुड्यात तर कारण सापडेपर्यंत बिचारे अस्वस्थ होते. शेवटी खुर्चीला कव्हर नाही हे लक्षात आलं, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

रुसल्यावर मामा ओरडत नाहीत, भांडत नाहीत. ते पाणीसुद्धा नको म्हणतात आणि कुणीतरी समजूत काढायला येईल अशा बेताने, फार लांब नाही अशा जागी जाऊन बसतात. टेंभुर्णीच्या एका लग्नात ते असेच जीपमध्ये जाऊन बसले. बराच वेळ कुणी फिरकेना, म्हणून त्यांनी हळूच हॉर्न वाजवला. निघायची वेळ झाली असं वाटून मंडपातली माणसं धावत आली, दाटीवाटीने गाड्यांत बसली, आणि अर्धं वऱ्हाड अक्षता पडायच्या आधीच मोडनिंबपर्यंत पोचलं. त्या दिवसापासून मामांची समजूत काढायला एक कायमचा माणूस असावा असं घरात ठरलं. मी नुकताच भाचेजावई झालो होतो आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, मुक्ताने, दक्षिण कोरियात, सोलमध्ये नोकरी करता करता तिथल्याच एका सहकाऱ्याशी कचेरीत सही करून लग्न केलं. पत्रिका नाही, पंगत नाही, फेटा नाही. म्हणजे मामांना रुसायला जागाच ठेवली नाही. ते दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. तिचा व्हिडिओ कॉल आला की मामींच्या मागे येऊन बसत आणि पडद्यात दिसेल असं तोंड फिरवत. पण इंटरनेट इतकं अडखळे, की त्यांनी तोंड फिरवलं आहे की चित्र थांबलं आहे हे मुक्ताला कळत नसे. तिने मग तिकिटं पाठवली. मामा जाणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती, पण ते लगेच तयार झाले.

"इतक्या लांबनं रुसलेलं तिला कळंना झालंय," ते मला म्हणाले. "समोर जाऊनच रुसलं पाहिजे, जावईबापू."

माझा पासपोर्ट तयार होता आणि रजा शिल्लक होती, म्हणून मलाही नेलं. तिथे माझं काम दुभाष्याचं होतं, म्हणजे मराठीतून मराठीत. मुक्ता बापाच्या शेजारी बसून मला सांगे, मी ते मामांना सांगे, आणि मामा "तिला म्हणावं..." म्हणून उत्तर देत. मामी मधूनच म्हणत, "अहो, ती ऐकतीय की!" त्यावर मामा म्हणत, "ऐकू दे. मी जावईबापूंशी बोलतोय."

पहिल्या संध्याकाळी व्याह्यांकडे जेवण होतं. व्याह्यांनी आधी मामांचं वय विचारलं. मामा काही महिन्यांनी मोठे निघाले. तेवढ्यावर व्याही उठून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. जावयाने, म्हणजे मुक्ताच्या नवऱ्याने, दोन्ही हातांनी पाणी दिलं. मामांना मुख्य जागेवर बसवलं. मामा बेचैन झाले, कारण नाव ठेवायला काही मिळेना. शेवटी त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं आणि हाताची घडी घालून सांगितलं, "मला भूक न्हाई."

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. तिकडे वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही. सोलापुरात मामा रुसले की बाकीचे जिलेबी संपवून मग समजूत काढायला येत. इथे सगळ्या टेबलावर चमचे खाली गेले. सूप निवलं, भात निवला. व्याही शांतपणे आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले. त्यांना साखरेचा त्रास आहे, औषध घेऊन बसले आहेत, असं मुक्ताने मला सांगितलं. मी मामांना सांगितलं.

"खा की हो!" मामी दबक्या आवाजात ओरडल्या. "माणसं उपाशी मारता का?"

मामांनी चमचा उचलला आणि जेवून उठताना माझ्या कानाशी आले. "हितं रुसायची सोयच न्हाई ओ. लगेच लागू होतं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून चांगदॉकगुंग हा जुना राजवाडा आणि त्यामागची राजाची बाग बघायची असं ठरलं. तिथला पारंपरिक पोशाख घालून गेलं तर राजवाड्यात फुकट सोडतात आणि तो पोशाख शेजारच्या दुकानांत भाड्याने मिळतो. जावयाने तसं सुचवलं. "भाड्याच्या कपड्यात राजाकडं जायचं?" म्हणून मामांनी आपला कोट घातला, वर स्वतःच्या हाताने भगवा फेटा बांधला आणि खांद्यावर सोलापुरी चादरीची घडी टाकली. परिणाम असा झाला, की राजवाडा बघायला आलेली माणसं मामांना बघू लागली. एका शाळेच्या सहलीतल्या मुलींनी त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांग लावली. मामांनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या मुलींनी खुणेने चौकटीबाहेर व्हायला सांगितलं.

सिंहासनाच्या दालनासमोर मोठं फरसबंदी अंगण आहे. मधून एक जरा उंच, सपाट वाट जाते. ती फक्त राजाची. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे दगड ओळीने रोवलेले आहेत. पूर्वेचे कारकुनी अधिकाऱ्यांचे, पश्चिमेचे लष्करी. प्रत्येक दगडावर दर्जा कोरला आहे. दरबारात ज्याने त्याने आपापल्या दगडापाशी उभं राहायचं. मुक्ताने हे मला सांगितलं आणि मी मामांना. मी त्यांना देवळातही इतकं भारावलेलं पाहिलेलं नाही.

"दगडात कोरून ठेवलंय," ते पुटपुटले. "भांडणच न्हाई. आपल्याकडं कुणाला सुचलं न्हाई बघा हे."

मामा जिल्हा परिषदेतून वर्ग तीनचे कर्मचारी म्हणून निवृत्त झाले. मानाच्या बाबतीत ते कधी खोटं बोलत नाहीत. एक आणि दोन नंबरचे दगड त्यांनी नमस्कार करून मागे टाकले. तिसऱ्या दर्जाच्या दगडावर तीनचा आकडा म्हणून तीन आडव्या रेघा आहेत, त्या कुणालाही वाचता येतात. तिथे ते ताठ उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकरवी व्याह्यांचा हुद्दा विचारला. व्याही वीज खात्यात कारकून होते, पण तरुणपणी सगळ्यांसारखी सैन्यातली सेवा केली होती. व्याह्यांनी क्षणभर विचार केला आणि पश्चिमेच्या ओळीत, बरोबर समोरच्या तिसऱ्या दगडापाशी जाऊन उभे राहिले.

आता दोघेही हलेनात. व्याही हलल्याशिवाय आपण हलणं बरं नव्हे, ते मुलाकडचे आहेत, असं मामांचं म्हणणं. थोरला हलल्याशिवाय धाकट्याने हलणं बरं नव्हे, असं व्याह्यांचं. मुक्ता दालनाच्या पायऱ्यांवर बसून भाषांतर करत होती आणि मी या ओळीतून त्या ओळीत निरोप नेत होतो. ऊन चढत होतं. बागेत वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळीच सोडतात आणि ती वेळ जवळ आली होती. जावई घड्याळाकडे बघत होता. मामी सावलीत बसून म्हणाल्या, "राजा यायचा न्हाई आता, सांगा त्यांना."

"सांगितलं," मी म्हणालो. "ते म्हणतात, वाट बघू."

शेवटी मुक्ता दालनाच्या पायऱ्या उतरून दोघांना आणायला निघाली, ती सरळ मधल्या उंच वाटेवरून. दोन्हीकडे दगडांच्या रांगा, त्यांत दोन म्हातारे अधिकारी, आणि मधून निळ्या कुडत्यातली ही पोरगी येतेय. समोरचे व्याही सवयीने वाकले. मामांनी ते पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि तेही वाकले. फेटा सैल झाला होता म्हणून वाकलो, असं ते पुढे सांगत.

ती समोर आली तेव्हा मी पुढे झालो. मामांनी मला हाताने बाजूला केलं.

"हळू ये की गं," ते म्हणाले. "फरशी लई वरखाली हाय."

मुक्ता तिथेच थांबली. मग म्हणाली, "या बाहेर, बाबा. सासऱ्यांना ऊन लागतंय."

"आलो की," मामा म्हणाले, आणि दगड सोडला. त्याच क्षणी व्याह्यांनीही सोडला.

बागेत एका चौकोनी तळ्यात गोल बेट आहे आणि काठावरच्या मंडपाचे दोन पाय पाण्यात आहेत. वाटाडी इंग्रजीत पृथ्वी आणि आकाशाबद्दल काहीतरी गंभीर सांगत होती. ते मामांना सांगायला मी शब्द जुळवले, तर मामा पुढे निघून गेलेले. बाप-लेक तळ्याच्या कडेने चालले होते. आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्यापुढे हा हौदच आहे असं मामा म्हणत होते, आणि ती वाद घालत होती. सोलापुरी चादर तिच्या खांद्यावर होती. भाचेजावई झाल्यापासून मी पहिल्यांदा बेकार झालो होतो आणि मला ते थोडं लागलंही. राजेराजवाड्यांचं मला कधी फार कौतुक वाटलेलं नाही, पण त्या अंगणातल्या वाटेचा मला त्या दिवशी आदर वाटला.

परत जाताना मुक्ता माझ्याबरोबर मागे राहिली, तेव्हा मी म्हणालो, "तू राजाच्या वाटेने आलीस ते फार बरं केलंस."

"राजाचं कसलं, दाजी?" ती म्हणाली. "कडेच्या फरशीत माझी टाच अडकत होती."