नदीकाठच्या घरात झोपू नये

दार लावलं की ज्ञानदेव ते तीनदा ओढून बघायचा. गॅस बंद केला की पुन्हा बटणाला हात लावून खात्री करायचा. मी त्याला गच्चीवरची खोली दाखवली तेव्हा त्याने नळ तीन वेळा सोडला, तीन वेळा बंद केला आणि म्हणाला, "चौथ्यांदा गळेल, काकू." चौथ्यांदा गळला. तोवर त्या खोलीत अकरा भाडेकरू राहून गेले होते, पण नळाचं भविष्य सांगणारा हा पहिलाच.

ही २००५ सालची गोष्ट. मी टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि कान बाजूला घ्यायचा, हे माझं काम. पुढे लोकांच्या खिशात फोन आले आणि मला कोणी विचारेना. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत तिसरा मजला आणि वरची खोली एवढं माझ्याकडे उरलं. खोलीच्या अटी मी टाइप करून माझ्या दारावर चिकटवल्या होत्या. नऊ होत्या. आठवी अट अशी, की मालकीणबाई कोणाचेही निरोप घेणार नाहीत व देणार नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी वाहिली, आता पुरे, असं मला वाटत होतं.

ज्ञानदेव मांजरी गावचा. ऊसवाल्यांच्या घरातला पहिला इंजिनीअर. हिंजवडीत नोकरी आणि कंपनीची बस टिळक रस्त्यावरून, म्हणून त्याला पेठेत खोली हवी होती. कामाचं नाव टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायच्या.

"म्हणजे नावं ठेवायचा पगार," मी म्हटलं. "आमच्या पेठेत हे काम लोक फुकट करतात."

"नुसती नावं ठेवून चालत नाय काकू. चूक कशी झाली ते पायरी-पायरीनं लिहावं लागतं. आणि परत करून दाखवावी लागते. तीनदा. दाखवता आली नाय, तर ती चूक झालीच नाय."

त्याच कंपनीत शुभंकर होता, अमरावतीकडचा. तोही टेस्टरच. ज्ञानदेवाची पाळी दिवसाची, त्याची रात्रीची. दोघांनी मिळून खोली घेतली, एकच पलंग आणि एकच कॉम्प्युटर. एक आला की दुसरा निघायचा. जिन्यात दहा मिनिटं भेट व्हायची, तेवढीच. पण त्यांच्यासारखी दोस्ती मी क्वचित पाहिली, आणि ती सगळी एका शंभरपानी वहीत होती.

त्याचं कारण एक खेळ. हॅलोमूर नावाचा. कॉम्प्युटरवर एक अख्खं राज्य. डोंगर, किल्ले, चेटकिणी, बाजार, आणि घोड्यावर बसून हवं तिकडे जायची मुभा. एकदा ज्ञानदेवाने मला हौसेने दाखवला. कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला एक शिपाई तसाच पहारा देत होता. मी म्हटलं, हा आमच्या खात्यातला. पुढे घोडा देवळाच्या कळसावर चढून बसला आणि उतरेना. एक मेलेला माणूस मंडईत कांदे विकत होता.

"एवढ्या चुका? आणि तुम्ही दोघं चुका शोधणारे?"

"म्हणूनच आवडतो काकू," ज्ञानदेव म्हणाला. "हितं कोणी रिपोर्ट मागत नाय."

दोघं मिळून एकच खेळ खेळत. दुपारी शुभंकर, संध्याकाळी ज्ञानदेव. खेळ जिथे थांबवला ती जागा कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायची, म्हणजे सेव्ह करायचं, आणि पुढच्यासाठी वहीत लिहून ठेवायचं. कंपनीत पाळी बदलताना लिहितात तसंच. 'दक्षिणेच्या दाराने जाऊ नको, खेळ बंद पडतो.' 'म्हाताऱ्या जादूगाराशी बोलू नको, भिंतीत शिरतो.' आठ महिने हे चाललं. शेवटचं एक दार उरलं होतं, काळ्या किल्ल्याचं. ते दोघांनी एकत्र उघडायचं ठरलं होतं. शुभंकरने त्यासाठी सुट्टी बदलून रविवार मागून घेतला होता.

त्या आठ महिन्यांत मांजरीला काय झालं, ते मला नंतर कळलं. ज्ञानदेवाच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी नदीकाठची सगळी जमीन बिल्डरला दिली. ह्याला विचारलंही नाही, नुसतं सहीला बोलावलं. सही करून आला त्या संध्याकाळी तो खेळात नदीकाठचं एक घर घेऊन बसला. समोर शेत, पलीकडे लाकडी पूल. रोज झोपायला तिथेच जायचा. म्हणजे खेळातला माणूस जायचा, पण ज्ञानदेवाचा चेहरा मी पाहिला आहे. तोच जात होता.

मग तो बुधवार आला. रविवारला चार दिवस होते. ज्ञानदेव कामावरून आला, खेळ उघडला, तर सगळं पुसलेलं. घर नाही, शेत नाही, घोडा नाही. पहिला दिवस. वहीत शुभंकरची त्या दुपारची नोंद होती: 'पुलावर एकदा मेलो. बाकी सगळं ठीक.'

शुभंकर कामावर निघायच्या तयारीत होता. मी खाली कपडे वाळत घालत होते, आवाज सगळे ऐकू येत होते. शुभंकर म्हणत होता, मी काही केलं नाही, पाहू तरी दे. हा ऐकेना. शेवटी ज्ञानदेव म्हणाला, "तू खोटं लिहितोस. वहीत लिहितोस, तसा कामात पण लिहीत असशील."

टेस्टरला आईवरून शिवी दिलेली चालेल, पण खोटा रिपोर्ट लिहितोस म्हटलेलं चालत नाही, हे मला पुढे समजलं. ज्ञानदेव त्याच पावली मांजरीला निघून गेला. त्या संध्याकाळी त्याने दार ओढूनही बघितलं नाही.

शुभंकरला अमरावतीला एका कॉलेजात नोकरी सांगून आली होती. जाऊ की नको, असं त्याचं महिनाभर चाललं होतं. त्याने गुरुवारी तिकीट काढलं. आणि त्यानंतर तीन दिवस, रजा टाकून, तो खेळतच बसला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी वर जाऊन सुनावलं, की नोकरी सोडायची म्हणून संन्याशासारखा बसला आहेस का. तो म्हणाला, "काम करून राहिलो, काकू."

रविवारी दुपारी तो बॅग घेऊन दारात आला. हातात वही. "काकू, ही ज्ञान्याला देऊन द्याल का? आजच द्या."

मी आठव्या अटीकडे बोट दाखवलं.

"टेबलावर ठेवली तर तो पाहणार नाही," तो म्हणाला. म्हणून मी घेतली. उपकार केल्यासारखं तोंड करून घेतली.

चार वाजता ज्ञानदेव आला. मी जिन्यातूनच सांगितलं, "शुभंकरने तुझ्यासाठी वही ठेवली आहे."

"रद्दीत टाका," तो म्हणाला आणि वर गेला.

मी आग्रह करणारी बाई नाही. जेवायलासुद्धा करत नाही. एकदा विचारायचं, नको म्हणाला की विषय संपला, हीच आमच्याकडची रीत. मी वही आत ठेवून दिली. कोरी पानं असलेली वही रद्दीत टाकणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून पुढे मागच्या बाजूने तिच्यात शब्दकोडी सोडवली. पुढची पानं वाचली नाहीत. कान बाजूला घ्यायची सवय डोळ्यांनाही लागली होती.

महिन्याभरात ज्ञानदेवही खोली सोडून गेला. त्यानंतर दिवाळीला फोन यायचा, मग तोही थांबला. एवढं कळलं, की मांजरीला त्यांच्या उसाच्या जागी बारा मजली इमारती झाल्या आणि त्यातल्या एकीत अकराव्या मजल्यावर त्याला फ्लॅट मिळाला. लग्न झालं आणि तीन वर्षांत मोडलं. आईवडील गेले. नोकरीत तो चढत गेला. मीही काही त्याला फोन केला नाही. गच्चीवरची खोली दहा वर्षं झाली, रिकामीच आहे.

गेल्या डिसेंबरात, जवळजवळ वीस वर्षांनी, चारच्या ठोक्याला बेल वाजली. चारच्या आत वाजवायची नाही ही तिसरी अट. दारात ज्ञानदेव उभा. केस पांढरे, पोट सुटलेलं. मी चहा टाकला.

"ऑगस्टमध्ये कंपनीने काढलं, काकू. आता टेस्टिंग मशीनच करतं." मग म्हणाला, "तो खेळ परत घेतला. हॅलोमूर. नवीन कॉम्प्युटरवर चालतो अजून. चुका सगळ्या तशाच ठेवल्यात. शिपाई अजून जमिनीतच हाय."

"बढती मिळाली नाही वाटतं त्याला."

तो चार महिने एकटाच खेळत होता. तेच नदीकाठचं घर घेतलं, तसंच शेत. रोज झोपायला तिथे. परवा लाकडी पुलावर लढाईत मेला, खेळ बंद केला. काल उघडला, तर पहिला दिवस. सगळं पुसलेलं.

"आणि मी एकटाच होतो, काकू," तो म्हणाला. "घरात दुसरं कोणीच नव्हतं."

म्हणजे तेव्हाही कोणी पुसलं नव्हतं, हे मला उलगडायला एक क्षण लागला. त्याला तो लागला नव्हता. काल दुपारपासून तो हेच घेऊन बसला होता.

"वही हाय का हो तुमच्याकडं?"

वही कपाटावर होती. मी स्टूल घेऊन काढली. पुढून त्यांचं अक्षर आणि मागून माझी शब्दकोडी, मध्ये चार पानं कोरी राहिली होती. त्यांच्या आधीच्या पानावर शुभंकरचं शेवटचं लिहिणं होतं. ज्ञानदेवाने ते मोठ्याने वाचलं, आवाज सपाट ठेवून, ऑफिसात वाचतात तसं.

'पायरी एक: नदीकाठच्या घरात झोपणे. पायरी दोन: जागं होऊन घरातच सेव्ह करणे. पायरी तीन: पुलावर मरणे. पायरी चार: खेळ बंद करून पुन्हा उघडणे. निकाल: सगळे सेव्ह नाहीसे. नव्याने सुरू करून तीनदा केलं. तिन्ही वेळा झालं.' आणि खाली, 'ज्ञान्या, हे मी केलं नाही, तूही नाही. रविवारी संध्याकाळची आझाद हिंद एक्सप्रेस आहे. त्याआधी एकदा करून बघ. पटलं तर स्टेशनवर ये, मी जाणार नाही. नाही पटलं तर नको येऊ.'

त्या रविवारी चारला ज्ञानदेव जिन्यात उभा होता. गाडी सुटायला दोन तासांहून जास्त वेळ होता. इथून स्टेशन रिक्षाने अर्धा तास. वही माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजवर होती.

जुन्या ऑफिसच्या ग्रुपमधून त्याने शुभंकरचा नंबर मिळवला होता. माझ्यासमोरच लावला. मी आत जायला हवं होतं. कुकर लावायच्या निमित्ताने गेले, पण कान बाजूला घेतला नाही. फोन स्पीकरवर होता.

"शुभंकर, ज्ञानदेव बोलतोय. सदाशिव पेठ."

पलीकडे रस्त्याचा आवाज होता. "हं. बोल."

"तो सेव्ह तू उडवला नव्हतास."

"हो. लिहिलं होतं ना मी."

"वही आज वाचली. आत्ता."

पलीकडचा आवाज इतका वेळ थांबला, की मला जुन्या सवयीने वाटलं, लाइन तुटली.

"आज?" शुभंकर म्हणाला. "मला वाटलं, तू तेव्हाच वाचली आणि तरी नाही आला. मी डब्याच्या दारात वाट पाहून राहिलो होतो. दौंडपर्यंत बसलो नाही." मग म्हणाला, "ठीक आहे. झालं ते. मुलीला क्लासवरून घ्यायचं आहे, सिग्नलला आहे मी. ठेवतो."

"परत करतो मी फोन."

"हो, कर न," तो म्हणाला. ज्या माणसाला फोन यायला नको असतो तो असंच म्हणतो. तेहतीस वर्षं ऐकलं आहे मी ते.

ज्ञानदेवाने खिशातून पेन काढलं. वहीत शुभंकरच्या चार पायऱ्यांखाली लिहिलं: 'करून पाहिलं. बरोबर आहे.' तारीख घातली आणि सही केली. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली.

मला राहवलं नाही. "त्याने आजच द्या म्हटलं होतं रे," मी म्हटलं. "मी तुला तेवढं सांगितलं नाही."

"तुम्ही वही हाय म्हणून सांगितलं होतं, काकू. मीच रद्दीत टाका म्हणालो."

"एकदाच सांगितलं मी."

तो चपला घालून जिन्यापर्यंत गेला.

"जेवून जा," मी म्हटलं.

"नको काकू. मांजरीला पोचायला उशीर होतो."

एरवी इथे विषय संपतो. त्या दिवशी मी परत म्हटलं, "जेवून जा. भात झालाच आहे." तो पायरीवर थांबला, मागे वळून बघितलं. मी तिसऱ्यांदाही म्हटलं. मग तो म्हणाला, "बस चुकेल," आणि उतरून गेला.

कुकर दोघांचा लावला होता. तो भात मी दुसऱ्या दिवशी फोडणी घालून संपवला.